कोकणातील घरांमधील ओल, बाष्पसंघनन आणि बुरशी : कारणमीमांसा व प्रतिबंध

बीजशब्द : ओल, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू, बाष्पसंघनन, लोणा, बुरशी, जांभा

प्रस्तावना

कोकणात नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परततो. या चार महिन्यांत रत्नागिरी परिसरात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच काळात भिंतींना पोपडे सुटतात, कपाटातील कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी-हिरवी बुरशी धरते. भाद्रपदात गणपती घरी येण्यापूर्वी घर रंगवण्याची प्रथा असल्यामुळे अनेक कुटुंबे ऐन पावसाळ्यात भिंतींना रंग देतात आणि तो रंग पुढच्या आषाढापर्यंतही टिकत नाही. मग वॉटरप्रूफिंग करणाऱ्या कारागिराला पाचारण केले जाते. खर्च होतो, ओल मात्र परतते. अशा वेळी दोष गवंड्याला, रंगाला किंवा घरातील गृहिणीच्या कामाच्या पद्धतीला दिला जातो.

या अपयशाचे मुख्य कारण असे की, 'ओल' या एका शब्दाखाली निदान चार भिन्न भौतिक प्रक्रिया एकत्र केल्या जातात. त्यांची लक्षणे डोळ्यांना सारखी दिसतात, परंतु एकीवरील उपाय दुसरीला लागू पडत नाही. काही वेळा तो अपायकारकही ठरतो. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. या विषयावरील बरेचसे प्रचलित मार्गदर्शन युरोपातील थंड हवामानाला अनुसरून तयार झालेले आहे आणि ते कोकणच्या पावसाळ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. प्रस्तुत लेखात मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवरील घरे डोळ्यांसमोर ठेवून या प्रक्रियांची आणि त्यांवरील उपायांची चर्चा केली आहे.

हवेतील पाण्याचे गणित

हवेत पाण्याची वाफ सामावून घेण्याची क्षमता तापमानानुसार बदलते. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना सुमारे १७.३ ग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ३०.४ ग्रॅम. प्रत्यक्ष असलेली वाफ आणि ही कमाल मर्यादा यांचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हवा थंड होत गेली की वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता वाढते, आणि ज्या तापमानाला ती शंभर टक्के होते तो त्या हवेचा दवबिंदू. एखाद्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूखाली गेले की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते ते याच कारणाने.

आता दोन हवामानांची तुलना करावी. इंग्लंडमधील हिवाळ्यात बाहेर ५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत दर घनमीटरला जेमतेम ६ ग्रॅम वाफ असते. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. तेथे खिडकी उघडणे म्हणजे घरात कोरडी हवा घेणे होय. रत्नागिरीला जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम वाफ असते आणि तिचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. घरातील तापमानही साधारण तेवढेच असल्याने ती हवा आत येऊन कोरडी होत नाही. कोकणात संततधार चालू असताना खिडकी उघडल्याने घरातील आर्द्रता बाहेरच्या आर्द्रतेपेक्षा कमी होऊ शकत नाही. स्वयंपाक, आंघोळ यांमुळे घरात वाढलेली जादा वाफ तेवढी बाहेर जाते.

ही जादा वाफ मात्र उपेक्षणीय नाही. चार माणसांच्या घरात श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे वाळवणे मिळून दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी हवेत मिसळते असा अंदाज केला जातो. एल.पी.जी.च्या ज्वलनाचे रासायनिक समीकरण मांडले तर एक किलो वायूपासून सुमारे दीड किलोहून थोडे अधिक पाणी तयार होते, म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात सुमारे २२ लिटर पाण्याची वाफ केवळ ज्योतीतून येते. भाताच्या वाफेचा हिशेब वेगळा. धुलाई यंत्रातून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांतही अडीच लिटरच्या आसपास पाणी शिल्लक असते आणि ते झोपण्याच्या खोलीत दोरीवर टाकले की रातोरात त्या खोलीच्या हवेत उतरते.

येथे आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावयास हवा. बुरशीला पाण्याचे थेंब लागत नाहीत. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सलग काही दिवस राहिली तरी बहुतेक घरगुती बुरश्यांचे भागते. त्यामुळे कोकणातील पावसाळ्यात भिंत हाताला कोरडी लागत असूनही कपाटामागे काळे ठिपके उमटतात.

ओलीची चार उगमस्थाने

पहिली ओल जमिनीतून वर चढते. वीट, जांभा आणि गिलावा यांतील सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी वर ओढले जाते. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर नसेल किंवा नंतर अंगणात भर घालून, फरशी चढवून तो थर जमिनीखाली गाडला गेला असेल, तर ही ओल दिसते. ती बहुधा मीटर-सव्वा मीटरच्या वर जात नाही आणि तिची वरची कड आडव्या, पिवळसर, खारट रेषेने ओळखू येते.

दुसरी ओल बाहेरून आत शिरते. कोकणात तिचे मुख्य वाहन म्हणजे झड. वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतींवर तासन्‌तास आपटतो आणि गिलाव्यातील भेगांतून, खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून, स्लॅब व भिंत यांच्या जोडावरून आत येतो. गच्चीवरील कोब्याला तडे गेले असतील तर पाणी कोब्याखाली साचून राहते आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस झिरपत राहते. त्यामुळे छतावरील डाग जेथे दिसतो त्याच्या बरोबर वर गळतीची जागा असेलच असे नाही.

तिसरी ओल नळाची. मोरी, शौचालय आणि स्वयंपाकघरातील ओटा यांच्या सांध्यांतून, भिंतीत गाडलेल्या नळातून ती येते. हिची ओळख सर्वांत सोपी आहे : मे महिन्यातही न सुकणारा डाग पावसाचा नसतो.

चौथी ओल हवेतून येते. तिच्यात वर वर्णिलेले बाष्पसंघनन मोडतेच, पण किनारपट्टीवर तिचे एक खास रूप आढळते व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे लोणा लागलेली भिंत. मिठाचा एक गुणधर्म असा की, हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील वाफ शोषून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते हा प्रत्येक स्वयंपाकघरातील अनुभव आहे. खारी वाळू, खारे पाणी, समुद्रावरून येणारे वारे आणि वर्षानुवर्षे जमिनीतून चढलेले क्षार यांमुळे भिंतीच्या गिलाव्यात मीठ साठले असेल, तर ती भिंत मोठ्या मिठाच्या बरणीसारखी वागते. दर जूनमध्ये त्याच जागी तोच डाग ओला होतो आणि दिवाळीनंतर सुकून पांढरी भुकटी मागे ठेवतो. अशा भिंतीत गळती नसतेच. त्यामुळे गळती शोधणारा प्रत्येक कारागीर काहीतरी बंद करून, काहीतरी फासून परत जातो आणि डाग पुढच्या वर्षी नियमाने उमटतो.

जुने घर आणि नवे घर

कोकणातील पारंपरिक घर जांभ्याच्या चिऱ्यांचे. या खडकाला लॅटिनमधील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातील निरीक्षणांवरून दिले. तो खाणीत मऊ असतो, उघड्यावर कठीण होतो आणि अंगभूत सच्छिद्र असतो. म्हणजे पाणी पिणारा दगड घेऊन अतिवृष्टीच्या प्रदेशात घर बांधण्याचा हा प्रकार होता. त्याची भरपाई रचनेने केली जात असे. उंच जोते, उतरत्या छपराची लांब वळचण, घराभोवती पडवी यांमुळे मूळ भिंतीपर्यंत पाऊस पोहोचतच नसे. झडीच्या बाजूला पावसाळ्यापुरते नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर मंगलोरी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांच्या फटींतून हवा सतत खेळती राहत असे. भिंतीवर चुन्याचा गिलावा व सफेदी असे. चुना वाफ अडवत नाही, आणि ताजी सफेदी तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे तिच्यावर बुरशी सहजी धरत नाही. चुलीची ऊब माळ्यापर्यंत जाऊन छप्पर कोरडे ठेवी.

या घरांचे कौतुक करताना भान सुटू नये. चुलीच्या धुराने स्त्रियांच्या फुप्फुसांची जी हानी केली ती या कोरडेपणाची किंमत होती. शिवाय माजघर अंधारे व दमट असे आणि पोथ्यांना कसर व वाळवी लागतच असे. पण त्या रचनेत एक सुसंगती होती : भिंत ओली होईल हे गृहीत धरून तिला सुकण्याची वाट मोकळी ठेवलेली होती.

गेल्या काही दशकांत ही सुसंगती तुकड्यातुकड्याने मोडली. कौलांच्या जागी सपाट स्लॅब आला, वळचणीच्या जागी दीड-दोन फुटांचा छज्जा राहिला आणि पडवी घरात घेतली गेली. जांभ्यावर सिमेंटचा कडक गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक रंग चढला. सिमेंटच्या गिलाव्याला उन्हाने केसासारखे तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत जाते, परंतु रंगाच्या अखंड पापुद्र्यामुळे वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. रंगाला फुगे येतात ते या कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. गणपतीपूर्वीच्या रंगकामाचे कोडेही येथे उलगडते. ही प्रथा चुन्याच्या काळातली आहे. चुन्याची सफेदी ओलसर भिंतीवरच चांगली बसते, किंबहुना कोरड्या भिंतीवर ती देण्यापूर्वी पाणी मारावे लागते. प्लॅस्टिक रंगाला याच्या अगदी उलट, पूर्ण सुकलेली भिंत लागते. सामग्री बदलली, पंचांगातील वेळ तीच राहिली.

शहरी सदनिकांत वातानुकूलन यंत्राने नवी गुंतागुंत निर्माण केली आहे. रात्रभर २२-२३ अंशांवर ठेवलेल्या खोलीतील भिंती, आरसे आणि कपाटे बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड झालेली असतात. सकाळी यंत्र बंद करून 'ताजी हवा' यावी म्हणून खिडकी उघडली की ती वाफेने भरलेली हवा या थंड पृष्ठभागांवर ओलावा सोडते. थंड खोली व शेजारची बिनवातानुकूलित खोली यांच्यामधील भिंतीवर बुरशी बहुधा बिनवातानुकूलित बाजूला दिसते, हेही त्यामुळेच. खोलीच्या मानाने मोठ्या क्षमतेचे यंत्र बसवले तर ते हवा चटकन थंड करून थांबते आणि वाफ काढण्याइतका वेळ चालतच नाही. परिणामी खोली थंड पण दमट राहते.

आरोग्याचा प्रश्न

ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या बुरश्यांचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे अशक्य आहे. त्यांना मिळणारे पाणी तेवढे माणसाच्या हाती असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांचा श्वसनविकार, श्वसनमार्गाचा संसर्ग आणि दम्याचे वाढते प्रमाण यांच्याशी संबंध असल्याचे तीत मान्य केले आहे. बुरशीची अमुक मात्रा सुरक्षित, असा आकडा मात्र संघटनेने दिला नाही. उपलब्ध पुराव्यावरून तो देता येत नाही. ओल टाळणे व दिसलेली बुरशी काढणे हाच तिचा निष्कर्ष आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० मध्ये दोन वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला. भाड्याच्या घरातील बुरशीचा दीर्घ संपर्क हे त्याचे कारण असल्याचा निर्णय मृत्युविषयक न्यायिक चौकशीत २०२२ मध्ये देण्यात आला. पालकांच्या तक्रारींना घरमालक संस्थेने कुटुंबाच्या राहणीकडे बोट दाखवून उत्तर दिले होते. त्यानंतर झालेल्या कायद्यानुसार तेथील सामाजिक गृहसंस्थांना ऑक्टोबर २०२५ पासून ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारींची ठराविक मुदतीत चौकशी करणे बंधनकारक झाले आहे. कोकणातील हवामान वेगळे आहे, परंतु तपासणीआधीच रहिवाशाच्या सवयींना दोष देण्याची वृत्ती येथेही अपरिचित नाही.

निदान

उपायापूर्वी निदान करण्यास फारसा खर्च येत नाही. ओल असलेल्या जागी हातभर ॲल्युमिनियमची पन्नी चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवावी व दोन दिवसांनी पाहावी. पन्नीच्या खोलीकडील बाजूस पाणी जमले तर ओल हवेतून येत आहे. भिंतीकडील बाजूस जमले तर ती भिंतीतून येत आहे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहून ठेवली तर तो पावसाबरोबर वाढतो की पाऊस नसतानाही, हे महिन्याभरात कळते. पावसाची उघडीप असूनही केवळ दमट हवेत ओली होणारी आणि सुकल्यावर पांढरी भुकटी टाकणारी जागा लोण्याची समजावी.

सदनिकाधारकांसाठी या निदानाला आर्थिक व कायदेशीर महत्त्वही आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाचे पाणी व बाहेरील सामाईक नळ यांच्यामुळे होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा असतो, तर सदनिकेतील शौचालय, मोरी आदींमुळे होणारी गळती संबंधित सदस्याची जबाबदारी ठरते. वरच्या व खालच्या मजल्यांवरील शेजाऱ्यांत वर्षानुवर्षे चालणारे कलह पुष्कळदा नोंद करून ठेवलेल्या एका डागाअभावी चिघळतात.

उपाययोजना

बाहेरून शिरणारी ओल बाहेरूनच थांबवावी लागते. आतल्या भिंतीला जलरोधक लेप लावल्यास पाणी भिंतीतच राहते आणि लेपाच्या कडेने, बहुधा अधिक उंचीवर, बाहेर पडते. भेगा बुजवणे, खिडकीवर पुरेसा पुढे येणारा व खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच असलेला छज्जा करणे, पन्हळी साफ ठेवणे आणि गच्चीच्या कोब्याला निचऱ्याकडे योग्य उतार देणे ही कामे फेब्रुवारी ते मे या काळात उरकावीत. कोकणातील पुष्कळ घरांच्या गच्चीवर आता पत्र्याची उतरती शेड दिसते. दिसायला ती बेढब असली तरी तिने कौलारू छपराचे तत्त्व परत आणले आहे आणि गळतीवर ती महागड्या लेपांपेक्षा अधिक भरवशाची ठरते.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीसाठी प्रथम भिंतीलगतची माती, फरसबंदी व बागेची आळी जोत्याखाली उतरवावीत. अनेकदा तेवढ्यानेच फरक पडतो. लोणा लागलेला गिलावा डागाच्या पलीकडे हातभर अंतरापर्यंत पूर्ण खरवडून काढावा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाकावी, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवावी आणि नंतर गोड्या पाण्यात कालवलेल्या चुन्याचा गिलावा करावा. एक उन्हाळा भिंत उघडी ठेवण्यास घरमालक सहसा तयार होत नाहीत. हे दुखणे रेंगाळते ते मुख्यतः त्यामुळेच.

हवेतील ओलीसाठी तीन मार्ग आहेत : वाफ उगमाशीच काढणे, पृष्ठभाग किंचित उबदार ठेवणे आणि हवा हलती ठेवणे. स्वयंपाकघरात व न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा पंखा असावा आणि काम संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटे तो चालू ठेवावा. त्या वेळी त्या खोलीचे घरातील दार बंद असावे. संततधारेत झडीच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि उघडीप पडून ऊन आले की सर्व दारेखिडक्या उघडाव्यात. कपडे एकाच खोलीत, दार लावून, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याखाली वाळवावेत. कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत. मागे चार बोटे जागा आणि खाली पाय असले की हवा फिरते.

कपाटात बारीकसा दिवा लावून ठेवण्याची जुनी युक्ती शास्त्रशुद्ध होती. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३१ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता सुमारे ७१ टक्क्यांवर येते, म्हणजे बुरशीच्या मर्यादेखाली. एल.ई.डी. दिव्यातून फारशी उष्णता निघत नसल्याने तो या कामी उपयोगी नाही. दारांना झरोके असलेले कपाट आणि आतील तारांची योग्य जोडणी असेल तरच कमी शक्तीची ऊब देणारी विद्युत कांडी वापरावी. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी आहेत. त्या ओल शोषत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या घट्ट बंद कपाटात काम करतात, उघड्या खोलीत त्यांचा उपयोग नाही. आर्द्रताशोषक विद्युत यंत्राबाबतही तेच : दारेखिडक्या उघड्या ठेवून ते चालवणे म्हणजे अरबी समुद्र उपसण्याचा प्रयत्न होय. पुस्तकांचा मोठा संग्रह असणाऱ्यांनी एक खोली बंद ठेवून तेथे ते वापरावे आणि आर्द्रतामापक ठेवून ६० टक्क्यांच्या आसपास राखावे.

धरलेली बुरशी कोरडी झटकू नये; बीजाणू हवेत उडतात. नाक-तोंड झाकणारा एन-९५ मुखवटा व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी, फडके टाकून द्यावे आणि जागा पंख्याने सुकवावी. ब्लीचिंग पावडरचे द्रावण व शौचालय साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. भिजलेल्या गाद्या, पुस्तके, कपडे एक-दोन दिवसांत वाळवता आले तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यानंतर मात्र कापसाची गादी वाचवण्याचा खटाटोप करू नये.

राहिला रंगाचा प्रश्न. प्लॅस्टिक रंग द्यावयाचा असेल तर तो जानेवारीनंतर, वर सांगितलेल्या पन्नीखाली दोन दिवसांत पाणी जमत नाही याची खात्री करून द्यावा. गणपतीपूर्वी भिंत उजळ करावयाचीच असेल तर, आधी चुनाच दिलेल्या भिंतीवर, चुन्याची सफेदी द्यावी. प्लॅस्टिक रंगावर चुना बसत नाही. तेथे पोपडे खरवडून, बुरशी पुसून मखर उभारणे आणि रंगाचे काम माघापर्यंत लांबवणे अधिक श्रेयस्कर.